बोट पुढे ढकलतात ते ब्रॅकेट

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतली घरच्या घरी बोट बांधण्याची लेखमाला मी पहिल्या भागापासून वाचतो आहे. प्लायवूड पारखावं कसं, इपॉक्सी कालवताना काय सांभाळावं, रंगाचे हात किती द्यावेत, यावर लेखकाने जीव ओतून लिहिलं आहे आणि त्यातलं बहुतेक सगळं पटण्यासारखं आहे. पण गेल्या रविवारी बोटीच्या पोटात इंजिन बसवायची वेळ आली आणि सगळा मामला एका वाक्यात उरकला गेला: इंजिनाचं वजन पेलतील असे धातूचे ब्रॅकेट घेऊन ते बेअररवर, म्हणजे इंजिनाखालच्या लांब तुळयांवर, घट्ट बसवावेत. माझं उभं आयुष्य लहान बोटींची इंजिनं चढवण्या-उतरवण्यात गेलं. हे वाक्य वाचून गप्प बसवेना. पत्र लांबलं तर कात्री आपल्या हातात आहे. आकडे तेवढे कापू नका, एवढीच विनंती.

वजन पेलणं हे ब्रॅकेटचं सगळ्यात हलकं काम. गिअरबॉक्स धरून 150 किलो भरणारं, 20 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन घ्या. चार ब्रॅकेटांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला 40 किलोसुद्धा येत नाहीत. भिंतीतली फळीही तेवढं तोलते, आणि मग माणूस ब्रॅकेटही फळीच्याच हिशोबाने करतो: पातळ पत्रा, काटकोनात वाकवलेला, खाली दोन भोकं, वर एक.

आता पाण्यातला पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरू द्या. पंखा पाणी मागे लोटतो, त्याचा उलटा रेटा शाफ्टमधून पुढे येतो आणि गिअरबॉक्समधल्या थ्रस्ट बेअरिंगवर अडतो. गिअरबॉक्स इंजिनाला जखडलेला, इंजिन ब्रॅकेटांवर, ब्रॅकेट बेअररवर, बेअरर बोटीच्या तळाला. बोट पुढे जाते ती या चार ब्रॅकेटांनी ढकलल्यामुळे. धक्क्याला बांधलेल्या बोटीत पूर्ण थ्रॉटल दिला तर दर हॉर्सपॉवरमागे ढोबळमानाने 10 ते 12 किलोचा रेटा धरतात. 20 हॉर्सपॉवरला तो 200 किलोच्या वर गेला, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त, आणि तोही आडवा. रिव्हर्स टाकला की हाच रेटा फिरतो आणि इंजिनाला मागे ओढू लागतो. ज्या बोटीत शाफ्टला स्वतंत्र थ्रस्ट बेअरिंग असतं आणि त्याच्या पुढे सीव्ही जॉइंट, म्हणजे रेटा पुढे न नेणारा लवचिक सांधा, तिथे ब्रॅकेट या कामातून सुटतात. घरी बांधलेल्या बोटीत तशी रचना मी फारशी पाहिलेली नाही.

दुसरं म्हणजे पीळ. इथे हिशोबी माणसंही फसतात. 20 हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 15 किलोवॉट. 3000 आरपीएमला इंजिनाचा टॉर्क निघतो साधारण 48 न्यूटन-मीटर. माहितीपत्रकात हाच आकडा छापलेला असतो आणि लोक तोच धरतात. पण गिअरबॉक्स इंजिनाच्याच अंगाला असेल तर ब्रॅकेटांना उलटा पीळ बसतो तो गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा. 2:1 चा गिअर असेल तर दुप्पट, 3:1 असेल तर तिप्पट. डाव्या-उजव्या ब्रॅकेटांत 45 सेंटिमीटर अंतर धरलं तर 2:1 ला एका बाजूवर 21-22 किलोचा जादा दाब येतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच उचल. आकडा छोटा आहे, मान्य. पण तो सरासरीचा आहे. सिंगल सिलिंडरचं इंजिन प्रत्येक स्फोटाला जो झटका मारतं तो सरासरीच्या कितीतरी पट असतो. आणि तुटक्या जाळ्याचा दोर पंख्यात गुंतून शाफ्ट जागच्या जागी थांबला तर फिरत्या फ्लायव्हीलचा सगळा जोर ब्रॅकेटांवरच येतो.

तिसरं, लाटेवरून आपटणं. संथ बोटीचं सोडा. पण वेगाने पाण्यावर चढून पळणारी बोट लाटेवरून खाली आदळते तेव्हा आतल्या प्रत्येक वस्तूचं वजन क्षणभर तिप्पट-चौपट होतं. 40 किलोचे 160 झाले. शिवाय इंजिनाचा गुरुत्वमध्य चार पायांच्या बरोबर मधोमध नसतोच, त्यामुळे एका जोडीला जास्त भार येतो. सगळं जमेस धरून या आकाराच्या इंजिनाला मी एका ब्रॅकेटमागे 200 किलो धरतो आणि तिथून पुढे हिशोब सुरू करतो.

आता ते 200 किलो पत्र्यावर ठेवून पाहू. ब्रॅकेटची आडवी पट्टी बेअररपासून 60 मिलिमीटर बाहेर आली आहे आणि तिची रुंदी 100 आहे असं समजा. 6 मिलिमीटर जाडीला मुळाशी ताण येतो जवळपास 200 मेगापास्कल. साधं लोखंड, ज्याला आपण एमएस म्हणतो, ते 250 ला कायमचं वाकतं. 8 मिलिमीटरला हाच ताण 110 च्या घरात उतरतो, 10 ला 70 च्या आसपास. जाडीच्या वर्गाने ताण घटतो, म्हणून दोन-दोन मिलिमीटरने एवढा फरक पडतो. आणि त्या पट्टीखाली एक त्रिकोणी गसेट भरला की हिशोबच बदलतो, कारण मग वाकायला नुसती पट्टी नसते, तिच्याखाली उभी पाटी असते. बिनगसेटच्या 10 मिलिमीटरपेक्षा दोन गसेटचा 8 मिलिमीटरचा ब्रॅकेट मला केव्हाही चालेल.

250 च्या खाली आहे ना, मग 6 मिलिमीटरलाही काय झालं, असं कुणी विचारेल. एकदाच वाकवायचं असतं तर काही झालं नसतं. 2000 आरपीएमला इंजिन तासाला 1,20,000 फेरे मारतं. धातूला ओढ-दाब, ओढ-दाब असा लाखो वेळा बसला की तो वाकण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली चिरतो, आणि चिरतो तो वेल्डच्या कडेला. तिथे लोखंड तापून बदललेलं असतं आणि रॉडने खाल्लेली बारीक खाच असते. ही चीर आधी चीर म्हणून दिसतच नाही. वेल्डच्या काठाने केसाएवढी तांबूस रेघ दिसते. फडक्याने पुसली की जाते, इंजिन काही तास चाललं की त्याच जागी पुन्हा उमटते. ज्यांना डोळ्यांवर भरवसा नाही त्यांनी लाल डाय पेनेट्रंट मारावं, पुसावं, वर पांढरं डेव्हलपर फवारावं. चीर असेल तर पांढऱ्यात लाल रेघ फुटते. दुसरी खूण वॉशरभोवती. लोखंडाच्या जोडाभोवती बारीक, कोरडी, कोकोसारख्या रंगाची भुकटी जमली असेल तर तो नुसता गंज नव्हे. तो जोड घट्ट दिसत असूनही आतल्या आत घासतो आहे. ओला गंज खाली ओघळतो, ही भुकटी बोटाला लागते. नुसता पान्हा आवळून हे थांबत नाही, बोल्ट काढून आतल्या बैठका पाहाव्या लागतात.

धातूची निवड हा घरी बोट बांधणाऱ्यांचा आवडता वाद. दहांतले आठ जण स्टेनलेस स्टील म्हणतात. समुद्र म्हटलं की स्टेनलेस, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आणि ते दिसतंही देखणं. पण स्टेनलेस टिकतं ते त्याच्या अंगावरच्या अदृश्य थरामुळे, आणि तो थर जिवंत राहायला त्याला हवेतला किंवा वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन लागतो. इंजिनाखालच्या बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, काय असतं? साचलेलं, तेलकट, खारं पाणी. त्यात वॉशरखालची, पट्टी आणि लाकूड यांच्या मधली अरुंद फट, जिथे ऑक्सिजन पोचतच नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका बोटीचे ब्रॅकेट 304 ग्रेडचे होते, आरशासारखे पॉलिश केलेले. मालकाला ते दाखवायचा मोठा अभिमान. बोल्ट सोडवून वॉशर उचलला तर त्याखाली बरोबर वॉशरच्या आकाराचं खडबडीत कडं, आणि त्यात टाचणी शिरेल अशी भोकं. बाहेर डाग नाही. साध्या लोखंडाला गंज चढला की तो आधी आरडाओरडा करतो, पापुद्रे काढतो. स्टेनलेस लपून सडतं.

तरीही स्टेनलेसच घ्यायचं असेल तर 316 घ्या, त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यातल्या खड्ड्यांना ते जास्त तोंड देतं. वेल्ड करणार असाल तर 316 एल. त्यात कार्बन 0.03 टक्क्यांच्या वर नसतो, त्यामुळे वेल्डच्या शेजारची पट्टी नंतर गंजून बसत नाही. आणि लक्षात ठेवा, तापल्यावर स्टेनलेस साध्या लोखंडाच्या जवळपास दीडपट फुगतं. वेल्ड थंड होताना ब्रॅकेटचा तळ केळासारखा नाही तरी पट्टी लावल्यावर उजेड दिसेल इतका नक्की वाकतो. तो कानस मारून किंवा मशीनवर सपाट करून घेतला नाही, तर बोल्ट आवळताना इंजिनच वाकडं ओढलं जातं. त्याबद्दल पुढे सांगतो.

अ‍ॅल्युमिनियमचं मला वावडं नाही. बोटच अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ब्रॅकेट 5083 जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचे करून तळाशी वेल्ड करणं हेच शहाणपणाचं. पण लाकडी किंवा फायबरच्या बोटीत वजन वाचवायला म्हणून अ‍ॅल्युमिनियम घेणाऱ्यांनी एक वजाबाकी करून पाहावी. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा लोखंडाच्या एक तृतीयांश. तेवढाच ताठ ब्रॅकेट हवा तर जाडी सुमारे 1.4 पट लागते, म्हणजे 8 च्या जागी साडेअकरा-बारा मिलिमीटर. वजन तरीही निम्मं होतं, हे खरं. पण निम्मं कशाचं? 75 बाय 75 बाय 8 चा अँगल मीटरला सुमारे 9 किलो भरतो. दीड-दीडशे मिलिमीटरचे चार तुकडे आणि गसेट धरून सगळा संच 6 किलोंचा. वाचले किती, तर 3 किलो. तेवढं तर बिल्जमध्ये पाणीच साचून राहतं. त्या 3 किलोंसाठी तुम्ही असा धातू घेता ज्याला थकव्याची ठाम खालची मर्यादा नाही. लोखंडाचा ताण एका पातळीच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कायम टिकतं, अ‍ॅल्युमिनियम झटके मोजत राहतं. त्यात 6061-टी6 जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणून वेल्ड केली की वेल्डशेजारची ताकद जवळपास निम्म्यावर येते. ती पट्टी वाकवायला गेलात तर कोपऱ्यातच फाटते. आणि तांब्याच्या क्षारांनी मुरवलेल्या लाकडावर अ‍ॅल्युमिनियम थेट टेकवलंत तर लाकूड ओलं झाल्या दिवसापासून पांढरी भुकटी धरायला लागते.

माझं मत विचाराल तर लाकडी आणि फायबरच्या बोटीला साध्या लोखंडाचा, जाड, गसेट भरलेला, गरम जस्तात बुडवून काढलेला ब्रॅकेट. दिसायला करडा आणि ओबडधोबड. पण वाकण्याआधी सूचना देतो, कुठल्याही लोखंडकामवाल्याला वेल्ड करता येतो, आणि खरवडला गेला तरी भोवतीचं जस्त स्वतः झिजून त्याला राखतं. चकचकीत इलेक्ट्रोप्लेटिंगला भुलू नका, तो थर नावापुरता असतो. कापणं, भोकं, वेल्ड, घासणं, सगळं आटोपल्यावरच जस्ताला पाठवा. वेल्डवरची खपली, म्हणजे स्लॅग, अगदी स्वच्छ छिलून काढा, कारण अ‍ॅसिडच्या टाकीत तो निघत नाही आणि तिथे जस्त धरत नाही. 12 मिलिमीटरच्या बोल्टाला भोक 14 चं ठेवा, जस्त भोकातही बसतं. आणि बंद पेटीसारखा, पोकळ ब्रॅकेट केला असेल तर त्याला हवेची भोकं हवीतच; जस्ताची टाकी 450 अंशांच्या आसपास असते, आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो आणि माणसं भाजतात. जस्त चढवलेल्यावर नंतर वेल्ड करायची वेळ आली तर आधी ते घासून काढा. तो धूर अंगात ताप भरतो.

बोल्ट ब्रॅकेटच्या जातीचेच घ्यावेत. स्टेनलेसच्या मोठ्या ब्रॅकेटला साधे लोखंडी बोल्ट लावले तर ओलाव्यात झीज सगळी त्या एवढ्याशा बोल्टांवर एकवटते आणि ते बघता बघता सुतळीसारखे होतात. उलट, मोठ्या गॅल्व्हनाइझ ब्रॅकेटला स्टेनलेसचा बोल्ट त्या मानाने निभावतो. फक्त 8.8 ग्रेडच्या लोखंडी बोल्टाचा आवळण्याचा आकडा ए4-70 च्या स्टेनलेस बोल्टाला लावू नका: पहिला 640 मेगापास्कलला ताणला जातो, दुसरा 450 ला. शिवाय स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले की एकमेकांत चावून बसतात. मग पान्हा फिरत नाही, बोल्ट कापावा लागतो. आट्यांना अँटी-सीझ लावा.

ब्रॅकेट कितीही चांगला असो, तो धरला कशाला आहे? लाकडी बेअररच्या माथ्यात वरून खाली कोच स्क्रू, म्हणजे लाकडात पिळायचे जाड स्क्रू, पिळून बसवलेले ब्रॅकेट मी इतके सैल झालेले पाहिले आहेत की त्यावर बोलायचा कंटाळा येतो. लाकडातले आटे उभ्या ओढीला आणि सततच्या थरथरीला टिकत नाहीत. त्याऐवजी अँगलची उभी बाजू बेअररच्या कुशीला लावा आणि बोल्ट आडवे, आरपार घाला. पलीकडे वॉशर नको, फ्लॅट पट्टी लावा, दोन-तीन बोल्टांना मिळून एकच. म्हणजे वजन, रेटा, आपट हे सगळं बोल्टाच्या कापावर आणि लाकडाच्या दाबावर जातं, आट्यांवर जात नाही. बोल्ट-बोल्टांत आणि भार येणाऱ्या कडेपासून व्यासाच्या चौपट अंतर ठेवा, 12 च्या बोल्टाला 48 मिलिमीटर. भोक आधी 18 चं पाडा, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा, ती पक्की झाली की त्यात 12.5 चं भोक. लाकडाला पाणी लागत नाही आणि बोल्टाला बैठक मिळते. फायबरच्या बोटीत बेअररच्या आत बऱ्याचदा नुसता फोम असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तिथे बोल्ट आवळला की भिंती आत बसतात. ज्या जागी ब्रॅकेट येणार तेवढा फोम काढून कठीण लाकूड किंवा जाड फायबरची पाटी भरलीच पाहिजे. आणि बेअरर इंजिनाखालीच संपू नये, तो पुढे-मागे जाऊन फ्रेमला किंवा बल्कहेडला, म्हणजे बोटीतल्या आडव्या भिंतीला, मिळावा. इंजिनाच्या लांबीच्या निदान दुप्पट, असा आमच्या धंद्यातला जुना संकेत आहे.

खरी गोम मात्र क्रमात आहे, आणि लेखमालेत तोच उलटा छापला गेला. लेखकाने आधी नकाशाप्रमाणे बेअरर बसवले, मग मिळेल ते इंजिन आणलं, आणि मग मधल्या फटीला ब्रॅकेट शोधायला निघा असं सांगितलं. अशाने ब्रॅकेट लांब होतात, उंच होतात, आणि वर सांगितलेला सगळा हिशोब बिघडतो: 60 मिलिमीटरच्या जागी 120 बाहेर आलात की ताण दुप्पट. आधी शाफ्टची रेषा ठरवा. स्टर्न ट्यूबमधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीतून, दोरी ओढा, ती इंजिनाच्या जागेपर्यंत ताणा, इंजिनाचा उतार मेकरने दिलेल्या मर्यादेत आहे का पाहा. बऱ्याच लहान इंजिनांना ही मर्यादा 15 अंशांच्या आसपास असते, त्याच्या वर तेलाचा पंप हवा ओढू शकतो. मग प्लायवूडच्या तुकड्यांचा इंजिनाचा सांगाडा करून त्या दोरीवर बसवा आणि पाय कुठे येतात ते पाहा. आणि मग बेअरर त्या पायांखाली आणा. दोन बोटं आत-बाहेर सरकवलेला बेअरर हा सगळ्यात स्वस्त ब्रॅकेट. उरलेल्या फटीला आखूड, ठेंगणा लोखंडी तुकडा पुरतो.

उंचीचंही तसंच. ब्रॅकेटचा माथा शक्यतो शाफ्टच्या रेषेच्या जवळ यावा. रेटा माथ्यापेक्षा 15 सेंटिमीटर वर किंवा खाली लागत असेल तर इंजिन पुढे-मागे झुलायला बघतं, आणि तो जादा भार पुढच्या आणि मागच्या जोडीवर आळीपाळीने पडतो. खाली रबरी माउंट वापरणार असाल तर ब्रॅकेटची उंची अशी धरा की माउंटचा समायोजनाचा नट स्टडवर जेमतेम वर चढलेला असेल. उंची कमी पडली म्हणून नट स्टडच्या टोकाला नेऊन ठेवलेली इंजिनं मी पाहिली आहेत. तेवढा लांब स्टड प्रत्येक झटक्याला वाकतो आणि मुळाशी तुटतो, मग दोष माउंटच्या कंपनीला. उंची भरायची असेल तर ब्रॅकेटखाली लोखंडी पाटी भरा, वॉशरांचा मनोरा उभा करू नका.

माउंटही बोटीचेच घ्या. मोटारीच्या इंजिनाचे रबर वजन आणि पीळ झेलायला केलेले असतात. पंख्याचा आडवा रेटा झेलणं त्यांच्या गावी नसतं. बोटीच्या माउंटात रबर पुढे-मागे मुद्दाम ताठ ठेवलेलं असतं, आणि रबर फाटलं तरी इंजिन निसटू नये म्हणून आत धातूची अडक असते. आणखी एक, लोकांना वाटतं रबर आहे म्हणजे ब्रॅकेट हलका चालेल. उलट आहे. रबराखालचा ब्रॅकेटच लवचिक असेल तर दोन स्प्रिंगा एकावर एक ठेवल्यासारखं होतं आणि इंजिन मंद चालीवर भुतासारखं नाचतं. रबराला काम करू द्यायचं तर त्याखालचं सगळं दगडासारखं हवं. डिझेल आणि तेल रबरावर टपकू देऊ नका, ते फुगतं.

आता ते वाकड्या बैठकीचं. सगळं बसवून झाल्यावर शाफ्टच्या आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजा, म्हणजे जोडायच्या गोल चकत्या, एकमेकींजवळ आणा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घाला. 100 मिलिमीटरच्या फ्लँजला चारही जागी फरक 0.1 मिलिमीटरच्या आत हवा. मग एका ब्रॅकेटचा बोल्ट सैल करा, पुन्हा आवळा, आणि गेज परत घालून पाहा. फट बदलली, तर तो पाय पोकळ बसला आहे. बोल्ट आवळला की इंजिनालाच खेचून खाली बसवतो आहे. तिथे शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घाला किंवा तळ सपाट करा. हे काम जमिनीवर करून भागत नाही. बोट पाण्यात उतरली की तिचा आकार किंचित बदलतो, म्हणून दोन-तीन दिवस पाण्यात राहू दिल्यावर पुन्हा गेज, आणि नवे रबर पहिल्या काही तासांत बसतात म्हणून त्यानंतर आणखी एकदा. म्हणूनच ब्रॅकेटच्या बोल्टापर्यंत हात आणि पान्हा पोचेल अशी जागा आधीच ठेवा. स्टार्टरच्या मागे दडलेला चौथा बोल्ट कुणीही पुन्हा तपासत नाही.

ज्याला हे सगळं बारकाव्याचं वेड वाटत असेल त्याने फक्त ब्रॅकेट सुटल्यावर काय होतं ते आठवावं. इंजिन सरकतं, शाफ्ट ओढला जातो, शाफ्टभोवती पाणी अडवणारी ग्लँड फाटते, आणि ज्या भोकातून शाफ्ट बाहेर जातो त्यातून पाणी आत येतं. तेव्हा इंजिन बंद असतं आणि इंजिनावर चालणारा बिल्ज पंपही बंद.

माझी विनंती अशी. येत्या भागात एक पान इंजिनाच्या बैठकीला द्यावं. त्यात शाफ्टच्या रेषेपासून सुरुवात करून बेअरर, ब्रॅकेट आणि बोल्ट यांचं मापांसहित एक आडवं छेदचित्र छापावं. लेखकाला हवं असेल तर मी चित्र काढून पाठवतो, माझी लिखावट वाचता येते. आणि ज्यांनी गेल्या रविवारचं वाचून भोकं पाडलीसुद्धा असतील, त्यांनी बोट पाण्यात सोडण्याआधी एवढं करावं: इंजिनाखाली लाकडी कांब घालून माणसाच्या जोराने ते वर, बाजूला आणि मागे-पुढे रेटून पाहावं. रबर दबलं तर दबू दे. ब्रॅकेटची पट्टी लाकडापासून नखभर जरी सुटली, तरी तो काढून पुन्हा करावा.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त मरीन फिटर